अनुरणन आणि आपले ध्वनिमुद्रित वाङ्मय

साहित्यशास्त्राच्या वर्गात ध्वनिसिद्धान्त शिकविताना आपण सारेच घंटेचा दृष्टान्त देतो. आनंदवर्धनाने व्यंग्यार्थाच्या एका प्रकाराला ‘अनुस्वानसन्निभ’ म्हटले आणि ‘लोचन’कार अभिनवगुप्ताने त्याचा उलगडा घंटेच्या अनुरणनाच्या आधारे केला. वाच्यार्थ कळून चुकल्यावर क्रमाने, मागाहून जाणवणारा अर्थ हा टोला पडून गेल्यानंतर रेंगाळणाऱ्या नादासारखा, एवढे सांगून आपण पुढच्या कारिकेकडे वळतो. ही घंटा कोठे टांगलेली आहे, मोकळ्या अंगणात की दगडी गाभाऱ्यात, असा प्रश्न वर्गात कोणी विचारीत नाही. आणि काव्यशास्त्रापुरता तो विचारण्याची गरजही नाही. परंतु गेल्या काही दशकांत आपल्या भाषाविभागांतून ओव्या, पोवाडे, कीर्तने, लोककथा व कविसंमेलने यांच्या ध्वनिफितींचा जो संग्रह झाला आहे, त्याच्याशी ज्यांना काम करावयाचे आहे त्यांना हा प्रश्न टाळता येणार नाही, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

हे मत बनण्याचे निमित्त अगदीच व्यावहारिक होते. जुन्या फितींचे लिप्यंतर करताना वारंवार येणाऱ्या अडचणींचा उगम शोधावा म्हणून लेखकाने ध्वनिमुद्रण शिकणाऱ्या विद्यार्थ्यांच्या वर्गात काही महिने बसून पाहिले. सूक्ष्मग्राहकाची, म्हणजे रूढ भाषेत मायक्रोफोनची, माहिती तेथे मिळेल अशी अपेक्षा होती. ती मिळालीच, पण त्या मुलांना सर्वांत आधी आणि सर्वांत अधिक काळ शिकविले जाते ते खोलीविषयी. यंत्र कितीही भारी असले तरी ते आवाज टिपते तो खोलीने हाताळून दिलेला, हे त्यांच्या मनावर पहिल्याच आठवड्यात ठसविले जाते. साहित्याच्या विद्यार्थ्याला ते कधीच सांगितले जात नाही.

आधी शब्दांचा थोडा निवाडा करणे इष्ट. मराठीत पडसाद, प्रतिध्वनी, निनाद, घुमणे हे शब्द आपण एकमेकांच्या जागी सर्रास वापरतो. डोंगरासमोर हाक मारली असता थोड्या अवकाशाने तीच हाक वेगळी ऐकू येते तो प्रतिध्वनी. तो मोजता येतो, एक, दोन, सात असा. विजापूरच्या गोल घुमटात लोक जे ऐकावयास जातात ते हेच. याउलट बंद खोलीत आवाज भिंती, छत, फरशी यांवरून इतक्या वेळा आणि इतक्या झपाट्याने परततो की एकेक परतणे वेगळे कळत नाही. मूळ आवाज थांबल्यावर मागे एक सलग शेपूट राहते व ती हळूहळू विरते. शालेय पुस्तकांतून हिला ‘निनाद’ म्हणतात. हिंदीच्या परिभाषेने ‘अनुरणन’ स्वीकारले आहे. निनाद हा मूळ नादासाठीही चालतो, म्हणून ‘नंतर’चा भाव उघडपणे सांगणारा ‘अनुरणन’ हाच शब्द मराठीनेही घ्यावा असे मला वाटते. (‘घुमट’ हा शब्द फारसी गुंबदाशी नाते सांगणारा, पण मराठी कानाने त्याला ‘घुमणे’ या क्रियापदाच्या घरात केव्हाच नेऊन बसविले आहे, आणि गोव्यात तर मातीच्या एका वाद्यालाच ते नाव आहे.)

येथे एक भेद ध्यानात घ्यावयास हवा. घंटेचे अनुरणन हे मुख्यतः घंटेचेच असते. धातू कंप पावत राहतो म्हणून ती मोकळ्या माळावरही वाजत राहते. तंबोऱ्याच्या तारेचेही तसेच. यादवकालीन देवगिरीत ‘संगीतरत्नाकर’ रचणाऱ्या शार्ङ्गदेवाने श्रुतीच्या मागोमाग येणारा, स्निग्ध व अनुरणनात्मक असा जो तो स्वर, अशी व्याख्या केली, तेव्हा त्याच्यासमोर असे टिकून राहणारे नाद असले पाहिजेत. मनुष्याच्या कंठाला मात्र ही सोय नाही. स्वरतंतूंचे कंपन थांबले की आवाज जवळजवळ तत्क्षणी संपतो. तेव्हा बोललेल्या वा गायिलेल्या शब्दामागे जे काही रेंगाळते ते गाणाऱ्याचे नसून जागेचे असते. लिप्यंतर करणाऱ्याने ही गोष्ट लिहून टेबलासमोर लावून ठेवावी, इतकी ती महत्त्वाची आहे.

या विषयाचे शास्त्र फार जुने नाही. १८९५ साली अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाच्या फॉग कलासंग्रहालयात नवे व्याख्यानगृह बांधून झाले आणि त्यात वक्त्याचे बोलणे कोणालाच कळेना. दुरुस्तीचे काम वॉलेस क्लेमेंट सेबिन या भौतिकशास्त्राच्या तरुण अध्यापकाकडे आले. सेबिनला आढळले की, तेथे साध्या आवाजात उच्चारलेला एक शब्द साडेपाच सेकंद ऐकू येत राहतो, आणि तेवढ्या वेळात सावकाश बोलणाराही पुढची बारा-पंधरा अक्षरे बोलून मोकळा होतो. अर्थात श्रोत्याच्या कानी एकाच वेळी बारा-पंधरा अक्षरांचा काला पडे. उपाय शोधण्यासाठी सेबिनने शेजारच्या सँडर्स नाट्यगृहातील खुर्च्यांच्या गाद्या रात्री वाहून आणाव्या, थोड्या थोड्या करून मांडाव्या, ऑर्गनची एक नळी वाजवून थांबवावी आणि आवाज कानाला नाहीसा होईपर्यंतचा काळ नोंदवावा, असा क्रम मोठ्या चिकाटीने चालविला. स्वतःच्या अंगावरील कपड्यांचाही निकालावर परिणाम होतो असे ध्यानात आल्यावर पुढच्या प्रयोगांना एकच पोशाख ठरवून टाकला.

१८९८ साली या आकड्यांतून जो नियम निघाला तो साहित्याच्या माणसालाही पेलेल इतका सोपा आहे. खोलीचे घनफळ जितके मोठे तितका अनुरणनकाल अधिक. खोलीतील शोषण जितके अधिक तितका तो कमी. शोषणाचे माप सेबिनने उघड्या खिडकीवरून ठरविले, कारण खिडकीतून बाहेर गेलेला आवाज परत येत नाही. घनमीटरांतील घनफळाला ०.१६१ ने गुणावे आणि उघड्या खिडकीच्या चौरस मीटरांत मोजलेल्या शोषणाने भागावे. येईल तितक्या सेकंदांत आवाजाची तीव्रता दशलक्षांश उरते. बसलेला एक मनुष्य सुमारे अर्ध्या चौरस मीटरच्या खिडकीइतका आवाज गिळतो. श्रोता केवळ ऐकतो असे नाही, तो ऐकणे शक्य करतो. या नियमाच्या आधारे उभारलेले बोस्टनचे सिंफनी सभागृह १९०० साली उघडले आणि आजही ते जगातील उत्तम संगीतगृहांत गणले जाते.

भरताच्या नाट्यशास्त्राचा दुसरा अध्याय या दृष्टीने पुन्हा वाचण्यासारखा आहे. नाट्यमंडपाचे आकार व मापे सांगून झाल्यावर भरत मध्यम मंडपाला, म्हणजे ६४ हात लांब व ३२ हात रुंद अशा मंडपाला, पसंती देतो. त्याहून मोठा केल्यास पाठ्य विस्वर होईल आणि मुखावरील भाव दिसणार नाहीत, असे कारणही देतो. पुढे मंडप शैलगुहेच्या आकाराचा, लहान वातायनांचा व निर्वात असावा म्हणजे वाद्यवृंदाला गांभीर्य येईल, असेही सांगतो. दोन मागण्या येथे समोरासमोर उभ्या आहेत: पाठ्याला स्पष्टता हवी, वाद्यांना गांभीर्य हवे. पहिलीसाठी अनुरणन आखूड हवे, दुसरीसाठी थोडे लांब. आजच्या प्रेक्षागृहांचे रचनाकारही याच दोन मागण्यांची तडजोड करतात. नुसत्या भाषणासाठी एक सेकंदाच्या आत-बाहेरचा काळ आणि सिंफनी वाद्यवृंदासाठी दोन सेकंदांच्या जवळपासचा काळ सामान्यतः चांगला मानला जातो.

गणित करून पाहू. एक हात म्हणजे ४५ सेंटिमीटर धरले तर मध्यम मंडप सुमारे २९ मीटर लांब व साडेचौदा मीटर रुंद होतो. उंची ६ मीटर धरावी, भिंती चुन्याने गुळगुळीत केलेल्या व छतही तितकेच कठीण धरावे, म्हणजे पृष्ठाच्या शेकडा ३ इतकेच शोषण. रिकाम्या मंडपाचा अनुरणनकाल सुमारे १० सेकंद येतो. त्यात ३०० प्रेक्षक बसले की तोच दोन-सव्वादोन सेकंदांवर उतरतो. लाकडी काम, पडदे व रंगपीठामागील नेपथ्यगृह हिशेबात घेतले तर आणखी उतरेल. प्रेक्षकांवाचून नाट्यमंडप अपुरा, हे विधान आपण रसचर्चेत अनेकदा करतो. ते अक्षरशः, सेकंदांच्या भाषेतही खरे आहे. भरताला सेबिनचा नियम ठाऊक होता असा दावा मी करीत नाही, आणि तसा दावा करणाऱ्यांविषयी मला फारसा आदरही नाही. त्यामागे पुष्कळ मंडपांत बसून घेतलेला कानाचा अनुभव होता, एवढे म्हणणे पुरे.

आता मूळ मुद्द्याकडे वळू. आपल्या विभागांत शाहीर, कीर्तनकार किंवा कथा सांगणारी वृद्ध स्त्री आली की तिला कोठे बसवितात? बहुधा चर्चासत्राच्या दालनात. हे दालन १० मीटर लांब, ६ मीटर रुंद, साडेतीन मीटरच्या आतबाहेर उंच, फरशी गुळगुळीत, भिंतींना तैलरंग, खिडक्यांना काचा आणि मधोमध लांबलचक टेबल असे असते. असे दालन १५ माणसांसह सुमारे २ सेकंद अनुरणन देते. याहून उद्बोधक आकडा निराळाच आहे. बोलणाऱ्यापासून दूर जाता जाता एक अंतर असे येते की तेथे सरळ येणारा आवाज आणि खोलीतून फिरून येणारा आवाज समसमान होतात; त्यापलीकडे खोलीचेच राज्य. वरील दालनात हे अंतर ६० सेंटिमीटरही भरत नाही. चोहीकडून ऐकणारा मायक्रोफोन टेबलाच्या मध्यावर, बोलणाऱ्यापासून दीड मीटरवर ठेवला, की मुद्रणात बाईपेक्षा दालनच अधिक ऐकू येते. समोर बसलेल्या आपल्याला ते कळत नाही, कारण दोन कान आणि त्यांच्यामागील मेंदू मिळून खोलीचा पुष्कळसा भाग गाळून टाकतात. एका कानाचे यंत्र गाळीत नाही.

यात हानी कोणाची होते? स्वरांची नव्हे, व्यंजनांची. स्वर बलवान व दीर्घ. त्यांची शेपूट पुढे आलेल्या क्षीण व क्षणिक व्यंजनाला झाकून टाकते. महाप्राण म्हणजे स्पर्शानंतर सेकंदाच्या काही शतांशांपुरता सुटणारा श्वास. त्यावर आधीच्या आकाराची शेपूट पसरली की पाट आणि पाठ, साप आणि साफ यांतला फरक ऐकणाऱ्याच्या अंदाजावर सोपविला जातो. ळ आणि ल, दन्त्य च आणि तालव्य च यांचीही गत वेगळी नाही. आणि बोलीच्या अभ्यासात महत्त्व कशाला? नेमके याच भेदांना. एखाद्या बोलीत महाप्राण अल्पप्राण होतात असा निष्कर्ष फितीवरून काढताना तो गुण बोलीचा की दालनाचा हे कोणी तपासले आहे, असे निबंधांतून मला क्वचितच आढळले. ग्रियर्सनच्या भाषासर्वेक्षणाच्या निमित्ताने १९१३ ते १९२९ या काळात ग्रामोफोनवर घेतलेली भारतीय भाषांची मुद्रणे आज संगणकावर ऐकावयास मिळतात. त्यांतील कर्ण्याने मुद्रित केलेल्या तबकड्यांत उंच कंपनांचे ध्वनी फार थोडे टिपले गेले, हे खरे. पण कर्ण्यात तोंड घालून बोलावे लागे म्हणून खोली त्यांत जवळजवळ नाही. ती उणीव सर्व तबकड्यांत सारखी व जाणून घेण्याजोगी आहे. आपल्या फितींची उणीव दालनागणिक बदलते आणि तिची नोंद नाही.

यावर एक आक्षेप संभवतो आणि तो वजनदार आहे. मौखिक वाङ्मय हे प्रयोगरूप असते. प्रयोगाला जागा असते. मग जागेचा नाद काढून टाकणे म्हणजे पाठाला त्याच्या संदर्भातून उचकटणे नव्हे काय? सभामंडपातील नामगजर शोषक भिंतींच्या खोलीत मुद्रित केला तर जे हाती येईल त्याला नामगजर म्हणावे काय? आक्षेप मला मान्य आहे, इतकेच नव्हे तर तो आक्षेपकांपेक्षा पुढे न्यावा असे वाटते. जागा ही प्रयोगाची केवळ पार्श्वभूमी नसते, रचनेची घडणही ती ठरविते. दगडी सभामंडपात, जेथे एक अक्षर दुसऱ्यावर चढते, तेथे दोनतीन अक्षरांच्या नामाची आवृत्तीच टिकते. कारण नामावर नामच चढले तर अर्थाचे काही बिघडत नाही. कीर्तनात निरूपणाचे बोलणे आटोपशीर लयीत आणि ध्रुपद पुन्हा पुन्हा, यातही पहिल्या वेळी बुडालेले अक्षर दुसऱ्या-तिसऱ्या वेळी हाती लागण्याची सोय आहे. १९६८ साली पॉल हॉर्न या अमेरिकन वादकाने ताजमहालाच्या घुमटाखाली बासरी मुद्रित केली. तेथे एका सुरावर दुसरा सूर थांबून राहतो व आपोआप स्वरसंघ तयार होतो. बासरीला ते शोभले. त्या जागी आर्येचे निरूपण कोणी करू नये.

उलट बाजू मला अधिक रोचक वाटते. पोवाडा उघड्या माळावरचा. तेथे भिंत नाही, म्हणून अनुरणनही नाही. शाहिराने ओळ टाकली की ती कोरडी संपते. नेमक्या त्या ठिकाणी मागचे झीलकरी ‘जी जी’ धरून तिची अखेर लांबवितात. झील ही उघड्या मैदानाला माणसांनी पुरविलेली शेपूट आहे, असे म्हटले तर फार धाडस होईल काय? सतार व सारंगीच्या तरफांनाही हेच काम: वादकाने आपली खोली बरोबर बाळगलेली असते. झिलीकडे आपण आजवर लयीची व दमाची सोय म्हणून पाहिले. ती तशी आहेच. पण तिचा नाद-अवकाशाशी असलेला हा संबंध एखाद्या संशोधकाने निरनिराळ्या प्रदेशांतील शाहिरी परंपरा तपासून पडताळून पाहावा.

जात्यावरच्या ओव्यांचे उदाहरण तिसऱ्या जातीचे. हेमा राईरकर व गी पॉइटवाँ यांनी सहकाऱ्यांसह लाखाहून अधिक ओव्या संकलित केल्या, त्यांतील कित्येकींचे ध्वनिमुद्रण खेड्यांत जाऊन झाले, आणि २०१७ पासून ते संगणकावर सर्वांना उपलब्ध होत आहे. ओवीची मूळ जागा कोणती? मातीच्या भिंती, शेणाने सारवलेली जमीन, फटी असलेले कौलारू वा गवती छप्पर, कोपऱ्यात धान्याची पोती आणि गोधड्यांची चळत. अशा खोलीत अनुरणन नावापुरतेच. जवळचा आवाज जवळचाच राहतो, आणि जात्याची घरघर ओळींमधले रिकामेपण भरून काढते. म्हणूनच बाईला तेथे मनातले बोलता येते. ओवीतील आत्मनिवेदनाचा जो सूर आपण पाठावरून वर्णितो, त्याचा काही भाग त्या खोलीने दिलेला आहे. हीच ओवी काचेच्या दालनात गावयास लावली की बाई नकळत आवाज चढविते, सावकाश गाते, आणि ओवी ‘गाणे’ होते. ते मुद्रण मग कोणत्या संदर्भाचे?

तेव्हा आक्षेपाचे उत्तर असे, की विद्यापीठाचे दालन हा कोणत्याच वाङ्मयप्रकाराचा संदर्भ नाही. जागेचा नाद हवा असेल तर प्रयोगाच्या खऱ्या जागी जावे. शब्द हवे असतील तर खोली कोरडी करावी. आपण बहुतेक वेळा दोहोंपैकी काहीच करीत नाही.

कोरडी करणे अवघडही नाही. ग्रंथालयाचा पुस्तकांनी भरलेला कोपरा, भिंतीपासून वीतभर पुढे टांगलेल्या दोनतीन जाड गोधड्या, जमिनीवर सतरंजी, आणि मायक्रोफोन तोंडापासून हातभर. एवढ्यात वर सांगितलेला फरक पडतो. पंखे व वातानुकूलन बंद ठेवावे, हे वेगळे सांगावयास नको. अंड्यांच्या पुठ्ठ्यांनी भिंती मढविण्याची जी टूम विद्यार्थ्यांत आहे तिचा उपयोग मात्र फार थोडा. पातळ पुठ्ठा वरच्या कंपनांचा जेमतेम काही भाग घेतो आणि खालचे गुरगुरणे तसेच ठेवतो. ती टूम आमच्या वर्गातल्या मुलांनी स्वतः मोजून निकालात काढली.

अधिक चिंता वाटावी असा प्रकार हल्ली सुरू झाला आहे. संगणकावर आता कोणत्याही वास्तूचे अनुरणन कोरड्या आवाजाला जोडता येते. त्या वास्तूत फुगा फोडून वा सूर सोडून तिचा प्रतिसाद एकदा टिपला की पुरे. चित्रपटसंगीतात याला हरकत नाही. परंतु लोकगीतांची जुनी मुद्रणे प्रकाशित करताना ती ‘भारदस्त’ वाटावी म्हणून त्यांवर देवळाचा नाद चढविणे म्हणजे हस्तलिखितात संपादकाने स्वतःच्या ओळी घालून त्या न सांगणे. पाठचिकित्सेत ज्याला आपण प्रक्षेप म्हणतो तो हाच. आणि प्रक्षेप निदान काढता येतो. मुद्रणात मिसळलेले अनुरणन पूर्णपणे वेगळे करण्याचे साधन अद्याप नाही. म्हणून संग्रहात कोरडी प्रत मूळ म्हणून राहावी, जागेचा प्रतिसाद हवा तर स्वतंत्र टिपून शेजारी ठेवावा, आणि सूचीत गायिकेचे गाव व दिनांक यांच्या जोडीला खोलीची मापे, भिंतींचे स्वरूप, उपस्थितांची संख्या व मायक्रोफोनचे अंतर नोंदवावे. मुद्रणाच्या आरंभी बसल्या जागेवरून एक टाळी वाजविली तर पुढचा अभ्यासक तिच्यावरून अनुरणनकाल बऱ्याच अंशी काढू शकतो.

जुन्या फितींवर अशी टाळी नाही. पण डफावरची शेवटची थाप, खाली ठेवलेले भांडे, कोणीतरी लोटलेले दार असे आवाज असतातच, आणि त्यांच्यामागची शेपूट आज कोणालाही संगणकावर पाहता येते. एखाद्या विभागाने आपल्या शंभर फितींपुरते हे काम केले आणि लिप्यंतरातील संशयित ट-ठ व प-फ त्या आकड्यांशेजारी मांडले, तर त्यांपैकी बोलीचे किती आणि दालनाचे किती, हे प्रथमच वेगळे करता येईल.